नापास होण्याची भीती: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गेली तेवीस वर्षं लालबाग-परळ भागात आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी एका अभ्यासिकेतही बसते. पालकसभेत पालक मार्कांविषयी विचारतात. सभा संपली की जिन्यात थांबतात आणि हळू आवाजात मनातलं विचारतात. त्या जिन्यातल्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही प्रश्न मुलांचे आहेत. तिथे मी मुलांशीच बोलले आहे, पालकांनी ते वाचलं तरी हरकत नाही.

आमचा मुलगा घाबरलेला मुळीच वाटत नाही. पुस्तक उघडत नाही, विचारलं की ‘होईल सगळं’ म्हणतो. हा आळस की भीती?

लगेच आळस म्हणू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची भीती क्वचितच डोळ्यांतून वाहते. ती मोबाइलमध्ये लपते, अवेळी झोपण्यात लपते, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पोटदुखीत लपते, आणि ‘होईल सगळं’मध्ये तर हमखास.

त्याचा हिशेब असा असतो: अभ्यास केला आणि तरी नापास झालो, तर मी मठ्ठ ठरलो. अभ्यासच केला नाही आणि नापास झालो, तर ‘मनावर घेतलं असतं तर जमलं असतं’ एवढी अब्रू तरी शिल्लक राहते. बर्गलास आणि जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगातून हेच दाखवलं. आपल्या कुवतीची खात्री नसलेली माणसं कसोटीआधी आपल्याच वाटेत धोंडा ठेवतात, म्हणजे पुढे अपयशाचं खापर त्या धोंड्यावर फोडता येतं.

माझ्या वर्गातला एक मुलगा भूमितीच्या प्रत्येक चाचणीला कंपासपेटी विसरायचा. बीजगणिताच्या दिवशी काहीच विसरायचा नाही. चार वेळा मी त्याला रागावले. पाचव्या वेळी न बोलता माझी पेटी त्याच्या बाकावर ठेवली, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी मला कळलं की पेटी घरी राहत नव्हती, ठेवली जात होती.

अशा मुलाला ‘अभ्यासाला बस’ असं दिवसातून दहादा सांगून तो बसत नाही. त्याच्यापुढचं काम इतकं लहान करा की त्याला पळायचं कारण उरणार नाही. आज एकच उदाहरण, तुमच्यासमोर, वहीच्या मागच्या पानावर. चुकलं तर दोघांनी मिळून बघायचं की कुठल्या पायरीवर चुकलं, आणि मग जेवायला बसायचं. चुकल्यावर घरात काहीही कोसळत नाही, हे त्याला चार-पाच वेळा बघायला मिळालं पाहिजे. सांगून ते पटत नाही.

मुलांना नेमकी कशाची भीती वाटते?

एकदा मी नववीच्या वर्गात कोरे कागद वाटले. नाव लिहायचं नाही, फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: ‘नापास झालो तर सगळ्यात आधी काय होईल?’ मला वाटलं होतं मुलं करिअर, नोकरी, कॉलेज असलं काही लिहितील. तसं लिहिणारी दोन-तीनच निघाली. बाकीच्या कागदांवर माणसं होती. ‘बाबा आठवडाभर बोलणार नाहीत.’ ‘आई देवासमोर बसून रडेल.’ ‘गावाला काकांचा फोन जाईल.’ ‘शेजारच्या दादाला सगळं कळेल.’ एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मला जेवायला वाढतील, पण कोणी बघणार नाही.’

तो कागद अजून माझ्याजवळ आहे. तेव्हापासून मी हे धरून चालते की मुलाला आकड्याची भीती थोडी आणि तो आकडा घरी सांगण्याची भीती फार असते. नापास झाल्यावर आपली घरातली जागा तशीच राहील का, हा त्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न तो विचारत नाही, त्याऐवजी पेपर दप्तराच्या तळाशी दडवतो.

मुंबईत हे अधिक अवघड होतं, असं मला वाटतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की मुलाला आपलं अपयश घेऊन एकटं बसायला कोपराही मिळत नाही. चाळीच्या गॅलरीत निकाल खोलीतून बाहेर यायला पाच मिनिटं लागतात. टॉवरमध्ये गेलेल्या घरांत दार बंद होतं, पण तिथे सोसायटीचा ग्रुप असतो.

त्यात निकालाचा आकडा फुगला आहे. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. परीक्षेला पंधरा लाखांच्या घरात मुलं बसतात, म्हणजे शंभरातली सहा मुलं धरली तरी नव्वद हजारांच्या आसपास मुलं मागे राहिली. पण त्या सहातल्या प्रत्येकाला आजूबाजूला चौऱ्याण्णव पेढेच दिसतात. आमच्या वेळी वर्गातली निम्मी मुलं लटकायची, तेव्हा नापास होणाऱ्याला सोबत तरी असायची.

थोडी भीती असलेली बरीच ना? आम्हीही धाकानंच शिकलो.

थोडी हुरहुर चांगली. परीक्षेच्या दिवशी हात जरा थंड पडतात, त्यानं माणूस जागा राहतो. पण ताण आणि काम यांचं गणित सरळ नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत पाहिलं की काम सोपं असेल तर जास्त दडपणही चालून जातं, काम अवघड असेल तर तेवढ्याच दडपणानं शिकणं बिघडतं. माणसांतही असंच काहीसं दिसतं. पाढे धाकानं पाठ होतात. भूमितीतली सिद्धता धाकानं सुचत नाही, कारण ती सुचायला डोक्यात मोकळी पाटी लागते आणि ती पाटी ‘आता काय होणार’ या विचारानं आधीच भरलेली असते.

माराबद्दल मी एवढंच म्हणते: शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं बंदी आहे. जे शाळेला चालत नाही ते घराला का चालावं?

आम्ही मार्कांवरून एक शब्द बोलत नाही. तरी ती एवढी का घाबरते?

शब्द बोलत नसाल, पण चेहरा बोलतो. मुलं आपले चेहरे वाचण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

२०१६ मध्ये हायमोविट्झ आणि ड्वेक या संशोधकांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. बुद्धीबद्दल आई-वडिलांचं मत काय आहे हे मुलांना फारसं कळत नाही. पण अपयशाकडे आई-वडील कसे बघतात, ते मुलांना बरोबर कळतं. अपयश म्हणजे घात, असं मानणारे पालक मार्क कमी आले की मुलाच्या कुवतीची काळजी करू लागतात. अपयशातून काही हाती लागतं, असं मानणारे पालक ‘कुठे अडलं?’ असं विचारतात. मूल यातून आपल्याबद्दलचं मत बनवतं.

म्हणून पेपर मिळालेल्या दिवशी मूल दारात आल्यावर तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा. बहुतेक घरांत ते ‘किती मिळाले?’ असतं आणि दुसरं ‘सगळ्यात जास्त कोणाला?’ त्याऐवजी ‘हातपाय धू, चहा ठेवते, मग बघू’ म्हटलं तरी पुष्कळ झालं. पेपर बघायचाच आहे, पण खाऊन झाल्यावर.

आणखी एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं: ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं राबतो.’ ते खरंच असतं. सकाळी सहाला डबा घेऊन निघालेला बाप रात्री नऊला बदलापूरला उतरतो, क्लासच्या फीसाठी आई शिवणकाम करते. पण हे वाक्य ऐकलं की मुलाच्या डोक्यात मार्क म्हणजे फेडायचं कर्ज होतं. कर्जबुडव्या नजर चुकवतो, मूलही तेच करतं. तुमचे कष्ट मुलाला कळू द्या, पण निकालाच्या दिवशी नको.

मग कौतुक तरी कसं करायचं? ‘तू हुशार आहेस’ म्हणायचं नाही का?

कमी म्हणा. म्युलर आणि ड्वेक यांचा १९९८ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढे अवघड कोड्यांवर सगळी अडखळली, तेव्हा ‘हुशार’ मुलं लवकर खचली, त्यांची गोडी कमी झाली. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो जपावा लागतो, आणि जपण्याचा सोपा मार्ग म्हणजे अवघड गोष्टीला हातच न लावणे.

पण ‘मेहनत घेतलीस’ हाही मंत्र नाही. भिंतीवर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ चिकटवून काही होत नाही, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही अशा विचारबदलाचा परिणाम सरासरीनं लहानच दिसला. मुलाला खोटं कौतुक लगेच कळतं. त्याऐवजी जे खरंच घडलं ते सांगा: ‘काल तू तिसऱ्या पायरीवर सोडून दिलं होतंस, आज पाचव्यापर्यंत आलास.’ त्यासाठी वहीत डोकावावं लागतं.

मोठ्या माणसांच्या अपयशाच्या गोष्टी सांगाव्यात का? सचिनही दहावीनंतर फार शिकला नाही, वगैरे.

ही गोष्ट मी वर्गात सांगणं सोडलं. मूल मनात म्हणतं, ‘तो सचिन होता, मी कोण?’ आणि ते बरोबरच म्हणतं. जे शेवटी जिंकले त्यांच्याच अपयशाची आपण गोष्ट करतो, त्यामुळे मुलाला त्यातून एवढंच कळतं की शेवटी जिंकावंच लागतं.

सांगायचीच असेल तर शेवट नको, मधली वर्षं सांगा. तेंडुलकरच्या पहिल्या दोन एकदिवसीय सामन्यांत धावा होत्या शून्य आणि शून्य. पहिलं एकदिवसीय शतक आलं सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला, एकोणऐंशिव्या सामन्यात. त्याआधीचे अठ्ठ्याहत्तर सामने तो शतकाविना खेळला, आणि खेळवला गेला.

मला स्वतःला अमोल मुजुमदारची गोष्ट अधिक जवळची वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. त्याची पाळीच आली नाही. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, तरी भारताकडून एकही सामना मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. ही गोष्ट सांगताना मी मुलांना मुद्दाम विचारते: तो चषक मिळाला नसता, तर त्याची आधीची वर्षं फुकट गेली असती का? यावर वर्गात वाद होतो. मी उत्तर देत नाही.

सगळ्यात चांगली गोष्ट मात्र तुमची स्वतःची. तुम्ही बारावीला लटकला होतात, मुलाखतीला बोलता आलं नव्हतं, दुकान बंद करावं लागलं होतं. मुलाला हे माहीतच नसतं. ते जेवताना, सहज सांगा. त्यावर उपदेशाचं झाकण ठेवू नका.

प्रिलिमला दोन विषयांत गेली. बोर्डाला महिना उरलाय. आता काय?

आमच्या भागात गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. रोज रात्री थर लागतात आणि कित्येकदा कोसळतात. कोसळल्यावर पथक घरी जात नाही. खालचा कोण हलला, कोणाचा खांदा निसटला, चढणारा घाईत होता का, हे तिथल्या तिथे बघतात आणि पुन्हा लावतात. प्रिलिम म्हणजे हा सराव. थर सरावात कोसळला याचा अर्थ हंडीच्या दिवसाआधी कोणता खांदा सांभाळायचा ते कळलं.

म्हणून प्रिलिमचा पेपर कपाटात टाकू नका. मुलीला आणि लाल पेनाला घेऊन बसा आणि गेलेल्या प्रत्येक मार्काचा ढीग ठरवा. पहिला ढीग: मुळात येतच नव्हतं. दुसरा: येत होतं, पण चुकलं, म्हणजे चिन्ह विसरलं, प्रश्न नीट वाचला नाही, एकक लिहिलं नाही. तिसरा: वेळ पुरला नाही. माझ्या अनुभवात दुसरा आणि तिसरा ढीग घरच्यांच्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा निघतो. ‘दोन विषयांत गेले’ हे ओझं उचलत नाही, पण ‘अकरा मार्क घाईत गेले’ हे काम करता येतं. मूल हसतं त्या क्षणी, मी पाहिलंय.

पहिल्या ढिगासाठी सगळा धडा पुन्हा वाचत बसू नका. महिनाभरात तेवढा वेळ नसतो. नुसतं वाचल्यानं ‘येतंय’ असं वाटतं, येत नाही. पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये नीट तपासून दाखवलं आहे. गंमत अशी की पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती. आठवड्यानंतर आठवून लिहिणारी पुढे गेली. घाबरलेलं मूल हमखास पुन्हा वाचणं निवडतं, कारण वाचताना चूक होत नाही. आठवताना होते. तिथे शेजारी बसून म्हणायचं, ‘चुकू दे, म्हणूनच तर करतोय.’

घरात जागा नसेल तर अभ्यासिका शोधा. वरळीत बीडीडी चाळींजवळची अभ्यास गल्ली मुंबईला ठाऊक आहे, पिढ्यान् पिढ्या मुलांनी तिथे रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केला. दुसरी मुलंही अडखळताहेत हे दिसतं, हा तिथला मोठा फायदा. आणि झोप तोडू नका. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत जागलेलं मूल सकाळी अकराच्या पेपरला अर्धवट जागंच असतं.

पेपर हातात आला की मला काहीच आठवत नाही. डोकं सुन्न होतं. (दहावीतली मुलगी)

तुला येतं, म्हणून तर ते आठवत नाहीसं वाटतं. न येणारं विसरता येत नाही. अशा वेळी जोर लावून आठवू नकोस. पाय जमिनीवर टेकव, श्वास चार आकडे मोजत घे आणि सहा मोजत सोड, पाच-सहा वेळा. सोडण्याचा श्वास लांब असला की छातीतली धडधड उतरते. मग पेपर पहिल्यापासून न सोडवता नुसता वाचत जा आणि जे ओळखीचं दिसेल तिथून सुरुवात कर. दोन मार्कांचं का असेना. हात लिहायला लागला की बाकीचं मागून येतं.

एक युक्ती घरी करून बघ. पेपरला निघण्याआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढायची, जशी असेल तशी, शुद्धलेखन न बघता. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये हे शाळकरी मुलांवर करून पाहिलं, तेव्हा फार घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले. कागद नंतर फाडून टाक. आधी शाळेच्या चाचणीला करून बघ, एकदम बोर्डाला नको.

पण दहावीला खरंच नापास झाला, तर वर्ष वाया गेलं ना?

नाही. आणि हे निकालाआधी मुलाला सांगून ठेवा, निकालानंतर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं.

मंडळ मार्चनंतर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेतं, पूर्वीसारखं ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीनं अकरावीत प्रवेश मिळू शकतो. राहिलेले विषय मधल्या काळात सोडवायचे. मार्कांविषयी शंका असेल तर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, त्याची मुदत थोडी असते म्हणून निकालाच्या आठवड्यातच शाळेत चौकशी करा. पास होऊनही कमी पडले असतील तर श्रेणीसुधार योजना आहे. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. हातानं काम करण्यात रमणाऱ्या मुलासाठी आयटीआय आहे, आणि ती दुसऱ्या नंबरची जागा आहे असं कृपा करून त्याच्यासमोर म्हणू नका.

एका कागदावर ‘पास झालो तर’ आणि ‘नाही झालो तर’ असे दोन रस्ते मुलाबरोबर बसून लिहा, तारखांसकट. काही पालक म्हणतात, असं लिहिणं अपशकुनी वाटतं. मला उलट अनुभव आहे. दुसरा रस्ता कागदावर दिसला की मुलाची झोप परत येते.

नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, तरी नंबर लागला नाही. पुन्हा घ्यावा?

मुलीला एकटीला विचारा, आणि ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली तर त्याचं उत्तर ‘नाही’ असं समजा.

आकडे समोर ठेवा. २०२४ मध्ये तेवीस लाखांवर मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे बहुतेक मुलांचा नंबर लागणारच नव्हता, कितीही अभ्यास केला तरी. याला नापास होणं म्हणत नाहीत, ती जागांची टंचाई आहे. क्लास निवडताना तिथे समुपदेशक आहे का ते विचारा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, क्लास धरून, प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. मार्कांवरून वेगळ्या तुकड्या पाडून मुलांना सर्वांसमोर उभं करणारा क्लास असेल, तर फी भरली असली तरी सोडा.

नातेवाईक आणि सोसायटीच्या ग्रुपवर मार्क विचारतात. काय सांगू?

‘त्याचे मार्क तो सांगेल.’ एवढंच. आणि चांगले आले असतील तेव्हाही ग्रुपवर टाकू नका, कारण त्याच मजल्यावर दुसरं एक मूल असतं.

मी शिक्षिका आहे. वर्गात काय बदलू?

मी काय चुकले ते सांगते. पहिली दहा वर्षं मी तपासलेले पेपर मार्कांच्या क्रमानं वाटायचे, वरून खाली. मला वाटायचं त्यानं चुरस वाढते. शेवटचा पेपर उरायचा तेव्हा वर्ग शांत व्हायचा आणि एक मूल उठून टेबलापर्यंत चालत यायचं. तो चालण्याचा आवाज आता मला ऐकवत नाही. त्यातल्या एका मुलीनं नंतर चाचण्यांना येणंच बंद केलं आणि मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहीत राहिले.

आता पेपर उलटा करून बाकावर ठेवते. मार्क आतल्या पानावर लिहिते, आणि पहिल्या पानावर एक वाक्य, कुठे अडलं त्याचं. आठवड्यातून एकदा फळ्यावर मी स्वतः न सोडवलेलं उदाहरण घेते आणि अडते. खोटं अडत नाही, मुलांना ते कळतं. सर्वांसमोर खोडून पुन्हा लिहिते. बिनमार्कांच्या छोट्या चाचण्या दर शुक्रवारी. एकाच मोठ्या परीक्षेचं ओझं अशानं फुटून वाटलं जातं.

खूप मेहनत करूनही एकाच विषयात किंवा वाचण्या-लिहिण्यात सतत गाडी अडते. ही भीतीच असेल का?

कदाचित भीती नंतर आली असेल. बोलताना चुणचुणीत आणि लिहिताना अक्षरं गाळणारं, उलटसुलट लिहिणारं मूल असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांत ती होते. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नका, आठवीतच जा.

कधी समजायचं की आता घरच्या घरी निभणार नाही?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि जेवण बिघडलं, मित्र तुटले, आवडता खेळ सुटला, आवडत्या वस्तू वाटून टाकल्या, हातावर जखमा दिसल्या किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोललं गेलं, तर थांबू नका. सरळ विचारा: ‘जगू नये असं वाटतंय का?’ विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर व्याख्यान नको, जवळ बसा, एकटं सोडू नका.

टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर काढून जाता येतं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बाहेरून बाधा काढून घेणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात आठवडे जातात, आणि ते आठवडेच महत्त्वाचे असतात.

टीचर, मला प्रिलिमला कमी पडलेत. घरी अजून सांगितलं नाही. कसं सांगू? (दहावीतला मुलगा)

आजच सांग. उद्या ते दोन गोष्टी होतील, मार्क आणि लपवणं, आणि घरचे दुसऱ्या गोष्टीवर जास्त चिडतात.

बाबा गाडीच्या गर्दीतून येऊन बूट काढताहेत तेव्हा सांगू नकोस. जेवणं होऊ देत. दोघांना एकदम सांगणं जड जात असेल तर आधी एकाला सांग, आईला, आजीला, मामाला, ज्यांचा आवाज चढत नाही त्यांना, आणि दुसऱ्याला सांगताना त्यांना शेजारी बसायला सांग. पेपर हातात ठेव. वाक्य पाठ करून जा, त्यात कमीपणा नाही: ‘बाबा, गणिताचा पेपर मिळाला. चाळीसपैकी अकरा आहेत. मी घाबरलोय. पाच मिनिटं नुसतं ऐका, मग बोला.’ मग त्यांना ते तीन ढीग दाखव, आपण वर्गात केले होते तसे. किती मार्क कुठे गेले आणि महिनाभरात कोणते परत येऊ शकतात, ते बोटानं दाखव. ते आधी रागावतील कदाचित. पहिल्या पाच मिनिटांतलं बोलणं मनावर घेऊ नकोस, बऱ्याचदा तीही भीतीच असते, त्यांची.

हात उगारला जाईल अशी भीती असेल तर एकट्यानं सांगूच नकोस. मला आधी सांग, मी येते किंवा त्यांना शाळेत बोलावते.

आणि आज धीर झालाच नाही, तर पेपर घेऊन अभ्यासिकेत ये. मी साडेआठपर्यंत असते. ढीग तिथे करू, मग तू घरी जा.